मोरपंखी भिंतींमुळे खोली अंधारते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. बैठकीच्या खोलीसाठी मी गडद मोरपंखी रंग सुचवला होता. त्यावर आपले म्हणणे असे की, चारही भिंतींना तो लावल्यापासून खोली कोंदट वाटते, रात्री रंग मळकट हिरवा दिसतो, दोन हात देऊनही त्यात पट्टे उरले आहेत, आणि म्हणून असा रंग कुणाला सुचवूच नये. आपली निरीक्षणे खरी आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

रात्रीच्या हिरवेपणाचे मूळ बहुधा दिव्यांत आहे. 2700 केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; अंक जितका कमी तितका प्रकाश पिवळसर) दिव्याच्या प्रकाशात निळा अंश फार कमी असतो, त्यामुळे भिंतीतल्या निळ्याला परत पाठवण्यासारखे काही मिळतच नाही आणि डोळ्यांना फक्त हिरवा उरतो. 4000 केल्विनच्या दिव्याखाली तीच भिंत पुन्हा निळसर दिसू लागते. पण बसण्या-उठण्याच्या खोलीत संध्याकाळी तो प्रकाश मला रुक्ष वाटतो, म्हणून मी 3000 ते 3500 केल्विनचे आणि रंगदर्शकता निर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे माप) 90 च्या वर असलेले दिवे निवडेन.

कोंदटपणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. रंग किती प्रकाश परावर्तित करतो हे 0 ते 100 या मोजपट्टीवर सांगतात. पांढुरक्या रंगांचा अंक साधारण 80 च्या आसपास असतो, तर गडद मोरपंखी छटांचा बहुधा 15 च्याही खाली. चारही भिंती अशा असतील, तर खिडकीतून आलेला प्रकाश दोन-तीन परावर्तनांतच संपतो. त्यातही ज्या भिंतीत खिडकी आहे ती दिवसा स्वतःच्याच सावलीत असते. तिला गडद रंग दिला, तर उजळ खिडकी आणि काळवंडलेली भिंत यांतला विरोध डोळ्यांना खुपतो आणि खोली आहे त्याहून अंधारी भासते. माझ्या मते या रंगाची खरी जागा खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे, कारण तिथे थेट उजेड पडतो आणि रंगाचा गहिरेपणा नीट दिसतो. निळसर झाक असलेले शुभ्र छतही त्याच्याशेजारी कठोर दिसते. साईसारखा पांढरा, लाकडाचा तपकिरी आणि पितळेचा पिवळा हे सोबती त्याला ऊब देतात.

पट्ट्यांचे कारण सोपे आहे. गडद छटा ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, मिसळतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य अगदी कमी असते आणि भिंत झाकण्याचे मुख्य काम तेच करते. म्हणून करड्या छटेचा प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) आणि बहुतेक वेळा तिसरा हात लागतो.

रंगपत्रिकेवरच्या इवल्या तुकड्यावरून हा रंग निवडू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मोठ्या पुठ्ठ्यावर, कडेला पांढरी किनार सोडून, दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींवर सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावा. जुन्या भिंतीवर थेट ठिपका दिला, तर आधीचा रंग नजरेची दिशाभूल करतो.

आपण सगळ्या भिंती पुन्हा पांढऱ्या करण्याच्या विचारात आहात. गडद रंग पांढऱ्याने झाकण्यासाठी आणखी प्रायमर आणि जास्तीचे हात लागतील, म्हणून आधी दिवे बदलून पाहावेत आणि तरीही समाधान झाले नाही, तर फक्त खिडकीची भिंत व तिच्या लगतच्या दोन भिंती उजळ कराव्यात.