बायबल रंगवायचं असतं का? काकांच्या कॉमेंटला उत्तर, जरा लांबलंय

काका, जय ख्रिस्त. तुमची कॉमेंट मंगळवारी रात्रीच वाचली होती आणि लगेच उत्तर टाइप करायलाही घेतलं होतं, पण रागात होते, दोन ओळी लिहून खोडल्या आणि मोबाईल चार्जिंगला लावून झोपले. बरंच झालं. दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की तुमचं निम्मं बरोबर आहे, उरलेल्या निम्म्यावर मात्र मला भांडायचंय.

ज्यांनी मागची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी: मी आमच्या शनिवारच्या बैठकीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आम्ही सात-आठ जणी दुपारी चारला एकीच्या घरी जमतो, एक वचन घेतो, ते मोठ्या अक्षरात हातानं लिहितो, भोवती काहीतरी काढतो, रंगवतो, बोलतो, प्रार्थना करतो, चहा होतो. आणि हे आम्हाला ल्यूथरन, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या पंथाच्या, बायकांकडून मिळालं असंही लिहिलं होतं. काकांच्या कॉमेंटचा सारांश असा: दुसरी आज्ञा (कोरीव मूर्ती करू नको) इतकी स्पष्ट असताना चर्चच्या बायकांनी चित्रं काढत बसावं का, बायबल वाचायचं असतं की रंगवायचं, आपण मूळचे प्रेसबिटेरियन असताना ल्यूथरचं कशाला उसनं आणायचं, 'मेंटरिंग' म्हणजे रिकामटेकड्या गप्पांना दिलेलं गोंडस नाव, आणि शेवटी, "माझ्या आईनं चाळीस वर्षं एकच बायबल वाचलं, त्यात एक रेघ मारली नाही."

आधी माझी चूक कबूल करते. "ही पाचशे वर्षांची ल्यूथरन परंपरा आहे" असं मी ठोकून दिलं होतं, ते चुकलंच. रुंद मार्जिनची बायबलं, त्यात वॉटरकलर, स्टिकर, रंगीत टेपा, ही सगळी टूम गेल्या दहा-बारा वर्षांतली आणि अमेरिकेतल्या क्राफ्टवाल्या बाजारानं फुगवलेली. तिथल्या ल्यूथरन बायकांनी ती उचलली, तिला आपल्या प्रार्थनेची आणि प्रश्नोत्तरीची (प्रश्न-उत्तरांतून धर्म शिकवायचं पुस्तक) शिस्त लावली, मोठ्या बाईनं लहानीला शेजारी बसवून शिकवायचं असं केलं, इतकंच. पाचशे वर्षं जुना आहे तो वाद. चित्र चालतं की नाही, हा. तुम्ही आणि मी आत्ता घालतोय तोच.

आता तुम्ही "दुसरी आज्ञा" म्हणालात ना, गंमत तिथंच सुरू होते. ल्यूथरन पोरीला विचारा दुसरी आज्ञा कुठली, ती सांगणार देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको. कारण शास्त्रात आज्ञांना नंबर घातलेले नाहीत, मोजायचं कसं ते नंतर माणसांनी ठरवलं. ल्यूथरनं जुन्या काळच्या संत ऑगस्टिनपासून चालत आलेली मोजणी ठेवली, त्यात कोरीव मूर्तीचं वाक्य पहिल्या आज्ञेच्या पोटात जातं आणि शेवटी लोभाच्या दोन वेगळ्या आज्ञा होऊन दहाचा हिशोब बसतो. त्याच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत ते मूर्तीचं वाक्य सुटं येतच नाही. कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाच्या बाजूच्यांनी, म्हणजे आपल्या प्रेसबिटेरियन बाजूच्यांनी, ते सुटं काढून दुसऱ्या नंबरला बसवलं. आणि आपल्या लोकांनी त्यात काही ढिलाई ठेवली नाही हां, वेस्टमिन्स्टरची जी मोठी प्रश्नोत्तरी आहे तिच्या १०९ व्या उत्तरात तर देवाची प्रतिमा नुसती मनात करायलाही मनाई आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाबरलेच, कारण स्तोत्र २३ (परमेश्वर माझा मेंढपाळ आहे) सुरू झालं की माझ्या डोळ्यांपुढं पन्हाळ्याच्या वाटेवरचा घोंगडीवाला धनगर येतो, लहानपणापासून येतो, आता त्याला कुठं हाकलू?

ल्यूथरचं बरोब्बर उलटं. १५२५ च्या आसपास त्यानं लिहिलंय की ख्रिस्ताबद्दल ऐकलं की माझी इच्छा असो नसो, वधस्तंभावरच्या माणसाचं चित्र माझ्या मनात उमटतंच, पाण्यात तोंड दिसावं तसं, मग मनात असलेलं पाप नाही तर डोळ्यांपुढं असलेलं पाप कसं? (शब्द माझे आहेत, आशय त्याचा.) माझा धनगर या वाक्यानं वाचला म्हणा ना.

पण तुमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर परत म्हणाल अर्धवट लिहिते. १५२२ च्या सुरुवातीला ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला होता आणि इकडं विटेनबर्गमध्ये कार्लश्टाट नावाच्या त्याच्याच सहकाऱ्यानं चर्चमधली चित्रं काढून टाका म्हणून पुस्तिका छापली, लोक पेटले, तोडफोड झाली. ल्यूथर मार्चमध्ये परत आला आणि ९ तारखेपासून ओळीनं आठ दिवस रोज उपदेश केला. काय म्हणाला, तर लोक सूर्यचंद्राची पूजा करतात म्हणून ते आभाळातून ओढून काढणार का, दारूनं माणसं बिघडतात म्हणून सगळी ओतून देणार का. जबरदस्तीनं कुणाचं मन बदलत नाही, वचन सांगा, मूर्ती आपोआप निकामी होतील. मात्र त्याच उपदेशात तो असंही म्हणतो की मला स्वतःला ही चित्रं काही फार आवडत नाहीत, नसती तर बरं. म्हणजे तो काही चित्रवेडा नव्हता. आणि त्याच वर्षी सप्टेंबरला त्यानं भाषांतर केलेला नवा करार छापून आला तो चित्रकार क्रानाखच्या कारखान्यातली प्रकटीकरणाची, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाची, २१ चित्रं घेऊन, त्यात पशूच्या डोक्यावर चक्क पोपचा मुकुट! आरडाओरडा झाला आणि डिसेंबरच्या आवृत्तीत मुकुट छाटावा लागला. चित्र काय काय उद्योग करतं ते त्याला चांगलं माहीत असणार. तरी १५३४ ला अख्खं बायबल आलं ते शंभराहून जास्त चित्रांसकट.

म्हणून आमच्यात एक नियम केलाय, तो मागच्या पोस्टमध्ये लिहायचा राहिला. देवाचा किंवा येशूचा चेहरा काढायचा नाही. आपल्या चर्चमधल्या जुन्या माणसांचा मान म्हणून. दिवा, होडी, गव्हाची लोंबी, अक्षरं, वेल, काय पाहिजे ते काढा. एकदा एकीनं नेटवरून छापून निळ्या डोळ्यांचा येशू आणला होता तर अक्का म्हणाल्या, हे कोण गं, नवीन आलेले मिशनरी का.

अक्का म्हणजे कोण ते सांगते, म्हणजे "कशाला उसनं आणायचं" याचंही उत्तर होईल. अक्का मूळच्या गुंटूरच्या. तिथं १८४२ ला हायर नावाचे मिशनरी पोचले, तेव्हापासूनची ल्यूथरन मंडळी. आपल्याकडं कोल्हापुरात वायल्डर साहेब १८५२ ला आले, दहा वर्षांचा फरक. अक्का नर्सिंगच्या नोकरीला तरुणपणी इकडं आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, आणि जवळपास ल्यूथरन चर्च नाही म्हणून आपल्याच चर्चमध्ये, मागून तिसऱ्या बाकावर, बसतात. तुम्ही त्यांना ओळखता काका, नाताळला त्यांचेच अरिसेलू (तांदळाच्या पिठाचे, गुळाचे गोड) तुम्ही दोनदा मागून घेतले होते. मराठी अजून तेलुगू चालीत बोलतात. तर हे उसनं कुणी अमेरिकेतून पार्सलनं मागवलेलं नाही, आपल्याच बाकावर बसलेलं होतं.

अक्कांनी शिकवलेली पहिली गोष्ट चित्रही नव्हती खरं तर. ल्यूथरचा न्हावी होता, पीटर. त्यानं विचारलं प्रार्थना कशी करायची, तर १५३५ ला ल्यूथरनं त्याच्यासाठी छोटी पुस्तिकाच लिहून दिली. त्यात म्हणतो, न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर पाहिजे, गप्पा मारत हजामत करायला गेला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, प्रार्थनेचंही तसंच. आणि पद्धत सांगतो ती चार पदरांच्या माळेची: एकेक आज्ञा घ्यायची आणि तिचे चार पदर करायचे, यात मला शिकवण काय, मी आभार कशाचे मानू, कबुली कशाची देऊ, आणि मागू काय. अक्का कागदावर मधे वचन लिहितात आणि त्यातून चार बाजूंना चार पदर सोडतात, वेणीसारखे, प्रत्येक पदरावर थोडं थोडं लिहायचं. आता मला सांगा, आपल्या बायकांना वेणीचे पदर कुणी समजावून सांगायला लागतं का? पहिल्या दिवशी आमच्यातल्या एकीनं, जी चर्चमध्ये बारा वर्षांत मोठ्यानं प्रार्थना करायला उठली नव्हती, तिनं कबुलीचा पदर एवढा लांब केला की कागद पुरला नाही, मागच्या बाजूला नेला.

बाकी ल्यूथरन बायकांच्या हाताची कामं बघायला गेलं तर पुष्कळ आहेत, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावात फ्रान्सिस किप्स स्पेन्सर या बाईनं १९५७ ला चर्चच्या नाताळच्या झाडासाठी पांढऱ्या-सोनेरी रंगात ख्रिस्ताची चिन्हं करून टांगली, मासा, क्रूस, मुकुट अशी, ती पद्धत मग कुठल्या कुठं गेली. आणि चर्चच्या हॉलमध्ये टेबलांभोवती बसून जुन्या कापडांच्या वाकळा शिवतात, त्या परदेशी निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत जातात. वाकळ शिवायला बसलेल्या बायका कशा बोलतात ते तुम्हाला मी सांगायला नको. मान खाली, हात चालू, एकमेकींच्या तोंडाकडं बघायचं नसतं, म्हणून तोंड उघडतं.

आणि इथं मी तुमच्याशी खरं भांडणार आहे, त्या "रिकामटेकड्या गप्पा"वरून.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी यायला लागली, तिला विचारून लिहितेय, नाव-गाव नाही. लग्न ठरून मोडलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तीन शनिवार एक शब्द बोलली नाही, नुसती अक्षरं गिरवायची. तिला धीर द्यायला चर्चमधली निम्मी माणसं तिच्या घरी जाऊन आली होती, प्रत्येकानं एकेक वचन सांगितलं होतं, देवाची काहीतरी योजना असेल हेही सगळ्यांनी. चौथ्या शनिवारी स्तोत्र ५६ होतं, देवानं माझी आसवं बुधलीत भरून ठेवली ते. तिनं बुधली काढली, आपली तेलाची असते तशी, आणि निळ्या रंगाचे थर भरत बसली, एकावर एक. अक्का शेजारी स्वतःचं काढत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी तिच्या कागदाकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "झाकण विसरलीस काय?" पोरगी म्हणाली, "नाही. लावायचंच नाही. अजून भरायचीय." आणि मग बोलली, दीड तास, चहा गार. अक्कांनी मधे एकही वचन सांगितलं नाही, फक्त रंग संपत आला तेव्हा स्वतःचा निळा तिच्याकडं सरकवला.

याला तुम्ही गप्पा म्हणा, काय पाहिजे ते म्हणा. तीताच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात वडील स्त्रियांनी तरुणींना शिकवावं म्हटलंय ते आपल्याकडं वर्षातून एकदा, बायकांच्या रविवारी, माईकवरून होतं, आणि माईकवरून कुणी झाकणाबद्दल विचारत नाही. 'मेंटरिंग' शब्द मलाही आवडत नाही, ऑफिसातला वाटतो, चांगला मराठी सुचला तर कळवा, मी बदलते.

आता जिथं तुमचं बरोबर आहे ते. शोबाजी. झाली, आमच्याकडून झाली. पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रार्थना पाच मिनिटं आणि फोटो पंधरा मिनिटं असा प्रकार होता, कुणाचं पान किती छान, कुणाला किती लाइक. त्याहून वाईट म्हणजे ब्रश पेनांचे सेट. एकीनं आणला म्हणून दुसरीनं, आणि धुणीभांडी करणारी एक बहीण यायची ती यायची बंद झाली. आम्हाला वाटलं पावसामुळं. दीड महिन्यानं कळलं की तिला पेनं घेणं परवडत नव्हतं आणि दुसरीची मागायला लाज वाटत होती. ही गोष्ट तुमच्या कॉमेंटपेक्षा जास्त टोचते मला. आता मोबाईल सगळ्यांचे एका पातेल्यात, झाकण लावून. कागद म्हणजे लग्नपत्रिकांची कोरी बाजू, त्या काय कोल्हापुरात कमी आहेत, आणि रंगाला शाळेतले मेणखडू आणि ती लाल-निळी पेन्सिल. ती बहीण परत आली, गेल्या शनिवारी वचन तिनंच निवडलं.

आणि हो, बायबलच्या पानावर आम्ही आता रंगवत नाही. एकीनं जेल पेननं ईयोबात लिहिलं, कागद तो केवढा पातळ, शाई मागच्या पानावर उतरली आणि तिथली चार वचनं वाचता येईनात. तेव्हा अक्काही म्हणाल्या, बास, आता वेगळ्या कागदावर. म्हणजे तो मुद्दा तुम्ही जिंकलात.

राहिली तुमच्या आईची गोष्ट. त्यावर वाद घालणार नाही, पण काका, चाळीस वर्षं वाचलेल्या बायबलात एकही रेघ नाही हे कळायला तुम्ही ते पानोपान चाळलं असणार ना? माझ्या आजीचं बायबल पंडिता रमाबाईंचं भाषांतर होतं, मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकामुलींनी खिळे जुळवून छापलेलं, असं ती मोठ्या अभिमानानं सांगायची. तिनंही शास्त्रावर पेन्सिल टेकवली नाही. पण स्तोत्रांचा खालचा कोपरा अंगठ्यानं तपकिरी झालेला, एका पानात एसटीचं तिकीट, एकात माझ्या धाकट्या मामाच्या जावळाचे केस, तो मामा वर्षाच्या आत गेला, तिकिटाचं मात्र कुणालाच माहीत नाही.

अक्कांना तुमची कॉमेंट वाचून दाखवली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांच्या आईचं बायबल एकदा घेऊन यायला सांग, पेन्सिल लावणार नाही कुणी. त्यांना फक्त ते हातावर ठेवून बघायचंय, कुठल्या पानावर आपोआप उघडतं.