हद्दीवर फ्लॅट घेताय? अभिनंदन!

दोन शहरांच्या वेशीवर घर बघताय? जरूर घ्या. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, म्हणजे वेशींना तोटा नाही. कर एकीला भरायचा, दुर्लक्ष दोघींचं मिळतं. हे मी डाव्या हाताने टाइप करतोय, उजवा प्लास्टरमध्ये आहे. म्हणून थोडे अनुभवाचे सल्ले.

पडायचं असेल तर हद्द बघून पडा. आमच्या रस्त्यावर एका कमानीवर 'धन्यवाद, पुन्हा या' आणि पुढच्या फलकावर 'सहर्ष स्वागत'. मधली चाळीसएक पावलं कुणाचीच नाहीत. इकडचं डांबर कमानीशी संपतं, तिकडचं काँक्रीट फलकाशी सुरू होतं. मध्ये खांब आहेत, दिवे नाहीत (दोन्हीकडच्या भाऊंचे वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र आहेत). मी गेल्या मंगळवारी रात्री पावसात स्कूटरसकट नेमका तिथेच आडवा झालो. चूक माझीच. दहा पावलं अलीकडे पडलो असतो तर निदान तक्रार क्रमांक मिळाला असता. इकडच्या प्रभाग कार्यालयात म्हणाले, "काका, हा खड्डा तिकडे जातो." तिकडच्या साहेबांनी नकाशा पसरला, जाड रेघेवर बोट ठेवलं. खड्डा बरोब्बर रेघेखाली! संयुक्त पाहणी करायचीय म्हणे, दोन्हीकडचे अभियंते एकाच दिवशी मोकळे झाले की. खर्चाच्या वाटणीचं पत्र यांनी त्यांना पाठवलंय, त्यांनी यांना. दोन्ही पत्रं वाटेत त्याच खड्ड्यात पडली असावीत.

नालेसफाई बघायला खुर्ची घेऊन बसा; पोकलेन हद्दीपाशी येऊन कसा थबकतो, ते बघण्यासारखं असतं.

गाडीवर शहराचं नाव रंगवून घेऊ नका. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं १९८३ ला महापालिकेत गेली, २००२ ला बाहेर आली, २०१५ ला पुन्हा आत. २०२० मध्ये त्यातली १८ वगळण्याची अधिसूचना निघाली. रंगाऱ्याचं भलं झालं असेल.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडने २००७ मध्ये आपापल्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल काढली. असली उदाहरणं मनावर घेऊ नका, अपेक्षा वाढतात.

आणि घटना वाचू नका. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या कलम २४३ झेडईत महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडायचे, आणि पाण्याच्या वाटपापासून जमिनीच्या नियोजनापर्यंत सामाईक गोष्टींचा विचार करून आराखडा करायचा. हे १९९३ पासून लागू आहे! एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाचं विकास प्राधिकरण, तर १९७५ पासून आहे. मेट्रोचे खांब हद्द ओलांडून जातात, आणि महापालिकांनो, तुमचं डांबर चाळीस पावलं जात नाही?

लाज वाटू द्या जरा. एक डंपर खडी, दोन दिवे, एवढंच काम आहे. अर्धं अर्धं करा, चिठ्ठ्या टाका, काहीही करा. पाऊस तुमच्या पत्रांसाठी थांबत नाही. काल त्याच जागी एक बाई पोरासकट पडली. तिला कुठल्या कार्यालयात पाठवू?