'आवड/छंद' या रकान्यात काय लिहिता?

एप्रिल आला की प्राथमिक शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'वर्णनात्मक नोंदी'ची पीडीएफ फिरायला लागते. प्रगतिपत्रकातल्या 'आवड/छंद' या रकान्यासाठी त्यात वाक्यं तयारच असतात. चित्रे काढतो. गोष्टी ऐकतो. मुलगी असेल तर काढते, ऐकते. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे नुसत्या परीक्षेऐवजी वर्षभर मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवायची पद्धत आली, तेव्हा हेतू चांगलाच होता. पण एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वर रोजच्या ऑनलाइन माहित्या, मग नोंदी उतरवल्याच जाणार.

यावर हल्ली उपाय निघालाय तो चेहऱ्यांच्या फॉर्मचा. वाचन आवडतं? हसरा चेहरा रंगवा. दुसरीतलं पोर आधी आपल्या तोंडाकडे बघतं, "सर, कुठला रंगवू?" मग शेजारच्याच्या कागदाकडे. शेवटी गणित हसरं, भाषा हसरी, उन्हातली कवायतसुद्धा हसरी! यातून मुलांची आवड कळत नाही, सरांना काय आवडेल याचा मुलांनी बांधलेला अंदाज तेवढा कळतो.

अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मला म्हणूनच पटतो. चित्रं काढायची मुळात आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात वर्गात रंगीत पेनं ठेवली, तर बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. (हातावर स्टार काढणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनीच, हे वाचावं.) यात मुलांना आवडीबद्दल काही विचारलं नव्हतं. कुणी न सांगता ती काय करतात, किती वेळ करतात, एवढंच बघितलं.

आमच्याकडे एक मुलगी आहे. पाटीवर बेरीज दिली की मान खाली. मधल्या सुट्टीत मात्र चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावून कुणाचे किती झाले, कुणाकडे किती उधार, हे तोंडपाठ सांगते. भांडणं तिच्याकडेच सुटतात. हे कुठल्या फॉर्ममध्ये येणार?

चाळीस पोरं एकदम बघता येत नाहीत, हे कबूल. पण वाचनपेटी आणि खेळाचं साहित्य उघडं ठेवून रोज पंधरा मिनिटं मोकळी दिली आणि चौघांवरच नजर ठेवली, तर दोन आठवड्यांत वर्ग होतो. कोण कुठलं पुस्तक पुन्हा उचलतं, कोण अडलं तरी सोडत नाही, कोण नुसतं पानं उलटतं. फक्त तेव्हा हातात वही-पेन नको. सर लिहिताहेत म्हटलं की सगळे वाचायला बसतात. शाळा सुटल्यावर लिहा.