व्हिडिओ प्रकल्पाने अभ्यास बुडतो? त्या मेसेजला एका शिक्षकाचं उत्तर

पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मथळा आहे, ‘शाळा की शूटिंगचा सेट?’ मुलांकडून व्हिडिओ बनवून घेणाऱ्या शाळा वेळ वाया घालवतात, मुलांना मोबाईलची चटक लावतात, पालकांना खर्चात पाडतात, लेखनाची सवय मोडतात आणि वर मुलांचे चेहरे इंटरनेटवर टाकतात, असा त्याचा सूर. मी कोल्हापूर जिल्ह्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो आणि वर्गात व्हिडिओ प्रकल्प घेतो. मेसेज लिहिणाऱ्याची काळजी खोटी नाही. पण त्यातून काढलेले बहुतेक निष्कर्ष चुकीचे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला आरोप सगळ्यात मोठा : ‘तीन मिनिटांच्या व्हिडिओसाठी दोन आठवडे जातात, तेवढ्यात दोन धडे झाले असते.’

दोन आठवडे जातात हे खरं. पण त्यातला कॅमेऱ्याचा वेळ अगदी थोडा असतो. नववीला ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा आहे. आमच्या भागात दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात, म्हणून एका गटाने गुळावर व्हिडिओ करायचं ठरवलं. आधी संहिता. वहीचं पान मधोमध दुमडायचं, डाव्या बाजूला काय दिसणार आणि उजव्या बाजूला काय ऐकू येणार ते लिहायचं. तीन मिनिटांत सावकाश बोललं तर साडेतीनशेच्या आसपास शब्द बसतात. गुऱ्हाळाचे आवाजही ऐकू यायला हवे असतील तर त्याहून कमी. पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं, ‘मग रसात चुना घालतात, त्यामुळे गूळ चांगला होतो.’ दुसऱ्या गटातल्या एका मुलीने वाचून विचारलं, “चांगला म्हणजे काय?” गटातल्या कुणालाच सांगता येईना.

तिथून खरा धडा सुरू झाला. उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) पाचच्या आसपास. आम्ल असताना रस तापवत राहिलं तर साखरेचं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं. ते वाढलं की गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो. चुना हे आम्लारी, ते आम्लता कमी करतं. रसात भेंडीही घालतात, तिचं काम वेगळं : तिच्या चिकट पाण्यात रसातली घाण गोळा होऊन मळी वर येते. हे मुलांनी पुस्तकातून, गुळव्यांना, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरांना, विचारून आणि वैश्विक दर्शकाची (रंगावरून सामू दाखवणारी) पट्टी रसात बुडवून शोधलं. मी फळ्यावर दहा मिनिटांत सांगू शकलो असतो, पण त्या वाक्यातलं ‘चांगला’ तसंच राहिलं असतं आणि परीक्षेत तसंच उतरलं असतं.

चित्रीकरणातही तेच. पहिल्या दिवशी मुलांनी काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, दुरून चित्रित केली. पडद्यावर नुसती वाफ आणि पाठमोरी माणसं. पाक तयार झाला हे गुळव्या कसं ओळखतो, हा संहितेतला मुख्य मुद्दा, आणि तोच कुठे दिसत नव्हता. म्हणून पुन्हा जाऊन गुळव्याच्या हाताचा शॉट जवळून घेतला : पळीतून थोडा पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी चाचपला, गोळी जमली, आणि काहील वाफ्यात (पाक थंड करायच्या जागी) ओतायला सगळे पुढे झाले. नेमकं काय जवळून दाखवायचं हे ठरवायला त्या क्रियेत निर्णायक काय आहे ते कळावं लागतं. (उकळत्या काहिलीपासून किती लांब उभं राहायचं ते मी आधी जमिनीवर रेघ मारून सांगतो. त्यात तडजोड नाही.)

याला संशोधनाचाही आधार आहे. नेदरलँड्समधल्या व्हिन्सेंट हूगरहायडे आणि सहकाऱ्यांचा २०१६ मधला अभ्यास पाहा. समोर नसलेल्या विद्यार्थ्याला शिकलेला भाग कॅमेऱ्यासमोर समजावून सांगितल्याने स्वतःचं शिकणं सुधारलं. तोच भाग लिहून समजावल्याने तसा फायदा दिसला नाही. हे प्रयोग समजावण्यापुरते होते, त्यात संकलन वगैरे नव्हतं, त्यामुळे त्यावरून वाटेल तो दावा मी करणार नाही. पण ‘व्हिडिओ म्हणजे वेळेचा अपव्यय’ या विधानाला ते नक्कीच छेद देतात.

मेसेजमधला पुढचा प्रश्न : ‘दीक्षावर (सरकारच्या शैक्षणिक अ‍ॅपवर), यूट्यूबवर तयार व्हिडिओ आहेत, मग मुलांनी कच्चे व्हिडिओ कशाला बनवायचे?’ तयार व्हिडिओंची गरज मला पूर्ण मान्य आहे. पुण्याच्या बालचित्रवाणीने १९८४ पासून हेच काम केलं, ती २०१७ साली बंद झाली याचं मला आजही वाईट वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं मोठं काम होतं. पण ते मुलांनी बघायचं साहित्य आहे. तयार निबंध बाजारात मिळतात म्हणून आपण मुलांना निबंध लिहायला लावणं सोडत नाही.

पुढचा मुद्दा मोबाईलच्या व्यसनाचा. इथे आकडे बघूनच बोलायला हवं. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची माहिती आहे. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येत होता. त्या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला, अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे फोन शाळेने हातात दिलेला नाही, तो आधीच हातात आहे. रील बघताना बोट वर सरकवत राहायचं असतं. आपलाच वीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा बघून त्यातले बारा सेकंद का काढायचे, हे गटाला पटवून देणं फार वेगळं काम आहे. एकदा स्वतः कापाकापी केली की समोरच्या व्हिडिओत काय वगळलंय असा प्रश्न मुलं विचारू लागतात. अफवांच्या दिवसांत मला ही सवय फार मोलाची वाटते.

‘महागडे कॅमेरे, माईक, लॅपटॉप. हे शहरी शाळांचे चोचले.’ छे! एका गटाला एक साधा फोन पुरतो. ७२०पी या कमी दर्जावर चित्रीकरण केलं तर फोनमध्ये जागाही कमी लागते. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, म्हणजे मध्येच कॉल येऊन शॉट तुटत नाही. वर्गातला पंखा बंद करायचा. दुसरा फोन असेल तर तो बोलणाऱ्याजवळ ठेवून आवाज वेगळा घ्यायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, तिच्यावरून चित्र-आवाज जुळवता येतात. संकलनाचं अ‍ॅप नसेल तर शॉट क्रमानेच घ्यायचे. ज्याच्या घरी फोन नाही त्या मुलाला घरून काहीही आणायला सांगायचं नाही. फोन शिक्षकाचा किंवा शाळेचा, आणि सगळं काम शाळेतच. यामुळे ‘व्हिडिओ शेवटी आई-वडीलच बनवतात’ ही तक्रारही मिटते.

‘गटात एकच मुलगा राबतो, बाकीचे फिरतात.’ हे होतं. व्हिडिओत होतं तसं प्रकल्पवहीतही होतं. याहून मला खटकणारी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच : मोकळं सोडलं की फोन मुलांच्या हातात जातो आणि मुली वही धरून उभ्या राहतात. म्हणून लेखन, कॅमेरा, आवाज आणि संकलन ही कामं सक्तीने फिरती ठेवावी लागतात. आणि शेवटी प्रत्येकाला एकट्याला बोलावून दोन प्रश्न. गुळाच्या गटातल्या कुणालाही मी विचारू शकतो, “चुना नसता घातला तर?” उत्तर आलं नाही, तर व्हिडिओ कितीही सुंदर असो, त्याचे गुण कापले जातात.

गुणांवरूनही मेसेजमध्ये कुरकुर आहे, की याला मूल्यमापनात जागाच नाही. आहे की! राज्यात पहिली ते आठवीला २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यातल्या आकारिक (शिकता शिकता होणाऱ्या) मूल्यमापनाच्या साधनांमध्ये ‘प्रकल्प’ स्पष्ट लिहिलेला आहे. माझे वर्ग त्यापुढचे, पण तिथेही मी प्रकल्पाला गुण देतो, आणि त्यातले निम्मे संहितेच्या खर्ड्यांना, खाडाखोडीसकट. लेखन मरेल ही भीती तिथेच संपते. शंभर शब्दांचं साठवर आणताना वर्गात जी वादावादी होते, ती निबंधाच्या तासाला मला कधी दिसलेली नाही.

आता चेहरे इंटरनेटवर टाकण्याचा मुद्दा. इथे मेसेज बरोबर आहे आणि मी त्याच्या बाजूने उभा आहे. शाळेची जाहिरात म्हणून मुलांचे व्हिडिओ फेसबुकवर, यूट्यूबवर चढवणं थांबलंच पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा नियम ठेवला आहे. पण याचा इलाज व्हिडिओ बंद करणं हा नाही. व्हिडिओ वर्गात आणि पालकसभेत दाखवावा, शाळेच्या संगणकावर ठेवावा, कुठल्याही ग्रुपवर टाकू नये. गुऱ्हाळावरच्या कामगारांनाही आधी विचारायचं, आणि विचारायचं काम मुलांनीच करायचं. ज्याने ‘नको’ म्हटलं त्याचा शॉट घ्यायचा नाही, मग तो कितीही गरजेचा असला तरी.