रॅडबॉर्नचे ६० विजय : आकडा मोठा, तुलना चुकीची

बेसबॉलबद्दल फिरणारा एक दावा असा: “१८८४ साली प्रॉव्हिडन्स ग्रेजला ‘ओल्ड हॉस’ रॅडबॉर्नने एकट्याच्या जिवावर ६० सामने जिंकून दिले, ईआरए फक्त १.३८. आजचे पिचर शंभर चेंडूंत दमतात.” (ग्रेज हा संघ; पिचर म्हणजे चेंडू टाकणारा; ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे पिचरवर झालेल्या धावा.)

६० विजय. बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावे लिहितात. रॅडबॉर्नचे ५९ किंवा ६०. घोळ २८ जुलैच्या फिलाडेल्फियातल्या सामन्याचा आहे. ग्रेजच्याच सायक्लोन मिलरने पाच इनिंग टाकल्या तेव्हा ग्रेज ७-४ ने पुढे होते. उरलेल्या चार रॅडबॉर्नने टाकल्या आणि स्कोअररने विजय त्याच्या नावे लिहिला. आजच्या नियमाने तो मिलरला जातो.

एकट्याच्या जिवावर. ग्रेज ११४ सामने खेळले: ८४ विजय, २८ पराभव, २ बरोबरीत. रॅडबॉर्नने ७३ सामने सुरू केले आणि ७३ही शेवटपर्यंत टाकले, हे खरंच. पण उरलेले ४१ दुसऱ्यांनी सुरू केले. चार्ली स्वीनीने १७ जिंकले; ७ जूनला बॉस्टनविरुद्ध त्याने १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा योग्य जागेतले न मारलेले चेंडू, पडून फलंदाज बाद) घेतले होते. जुलैत तो भांडून बाहेर पडला आणि मग सगळा भार रॅडबॉर्नवर आला.

ईआरए १.३८. खरी गोम इथे आहे. हिशोब करताना ६७८.२ इनिंग तशाच कॅल्क्युलेटरवर टाकू नका. ओव्हर्समध्ये १९.२ म्हणजे एकोणीस ओव्हर आणि दोन चेंडू, तसंच इथे इनिंग तीन बादांची असल्याने .२ म्हणजे दोन बाद, दोन-तृतीयांश इनिंग. म्हणून ६७८.६७ धरा. अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांशिवाय झालेल्या धावा, १०४. १०४ × ९ ÷ ६७८.६७ = १.३८. बरोबर. पण त्याच्यावर एकूण धावा झाल्या २१६! म्हणजे निम्म्याहून जास्त धावा क्षेत्ररक्षणाच्या चुकांच्या खाती गेल्या, कारण तेव्हा बरेच खेळाडू उघड्या हातांनी झेल घेत. सगळ्या धावा धरल्या तर सरासरी २.८६ निघते. तीही उत्तमच, पण १.३८ नव्हे. शिवाय ईआरए नॅशनल लीगच्या (ग्रेज खेळत त्या स्पर्धेच्या) अधिकृत आकडेवारीत आलं १९१२ मध्ये. १८८४ चा आकडा मागाहून काढलेला आहे.

आजचे पिचर. तेव्हा फलंदाज उंच की खालचा चेंडू हवा ते मागून घेई, वॉकला (फलंदाजाला फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसला) सहा बॉल (योग्य जागेबाहेर टाकलेले चेंडू) लागत आणि फाउल (रेषेबाहेर) गेलेला चेंडू स्ट्राइक धरत नसत. पहिल्या नियमाचा फायदा फलंदाजाला, दुसऱ्याचा पिचरला, तिसऱ्याचा पुन्हा फलंदाजाला. पिचर आणि फलंदाजाची प्लेट यांतलं अंतर ५० फूट, आज ६० फूट ६ इंच. पण इथेही साडेदहा फुटांचा फरक सांगणारे चुकतात. ५० फूट पिचरच्या चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंत मोजत, आजचं अंतर मागचा पाय टेकतो त्या रबरी पट्टीपर्यंत. फरक आहे, पण तेवढा नाही.

राहिले स्ट्राइकआउट. रॅडबॉर्नचे त्या वर्षीचे ४४१ ऐकून डोळे विस्फारतात. नऊ इनिंगमागे ते ५.८५ पडतात. आज मेजर लीगची (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेची) सरासरीच आठच्या वर आहे, कारण आजचा पिचर जवळपास प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतो. शंभरात दमतो तो त्यामुळे. आणि रॅडबॉर्न दमला नाही असंही नाही: १८८३ मध्ये ४८ विजय, १८८५ मध्ये २८, आणि पुढे निवृत्तीपर्यंत एकदाही ३० नाहीत.