मुतखड्यावर रामबाण औषध सिद्ध करण्याची सोपी रीत

सांगलीत राहून तुमच्या नावावर मुतखड्याचं एकही औषध नसेल तर कमाल आहे. पानफुटीची पानं, कुळथाचं कढण, घरोघर काहीतरी चालूच असतं. पण घरगुती उपाय आणि ‘सिद्ध झालेलं औषध’ यांत फरक असतो तो एका वहीचा. दोनशे पानी वही आणा, बाकी मी सांगतो.

आधी रोगी पारखून घ्यायला शिका. सोनोग्राफीचा कागद बघायचा. खडा चार मिलिमीटरचा असला तर "बसा, चहा घ्या." असा खडा बहुतेक वेळा आपला आपण पडतो, पडेल तेव्हा तुमचा काढा चालू असला म्हणजे झालं. चौदा मिलिमीटरचा निघाला तर कागदाची नीट घडी घालून परत द्या. "दादा, तुम्ही मिरजेला जावा, दुखणं अंगावर काढू नका." माणूस दुवा देत जातो. अवघड खडे मिरजेच्या डॉक्टरांच्या खात्यावर, सोपे तुमच्या.

यात लाजण्यासारखं काही नाही, भल्याभल्यांच्या हातून हे नकळत घडलंय. १९८६ साली ब्रिटनमध्ये मुतखड्याचाच एक अभ्यास छापून आला. दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३५० रुग्ण. मोठा छेद घेऊन केलेल्या जुन्या शस्त्रक्रियेला ७८ टक्के यश, पाठीतून छिद्र पाडून खडा काढायच्या नव्या पद्धतीला ८३. इथंच वही मिटायची! पण खडे आकारानं वेगळे केले आणि घोळ झाला. दोन सेंटिमीटरच्या आतल्या खड्यांत जुनी ९३, नवी ८७. मोठ्यांत जुनी ७३, नवी ६९. म्हणजे दोन्हीकडे जुनीच सरस. फक्त मोठे खडे तिच्या वाट्याला २६३ आले होते, नवीच्या वाट्याला ८०. तेव्हा वहीत आकाराचा रकाना आखूच नका.

तरी पुण्याला शिकणारा एखादा भाचा सुट्टीत येऊन विचारणारच, "मामा, कन्फाउंडिंगचं, म्हणजे खड्याच्या आकारासारखं तिसरंच कारण निकाल फिरवतं त्याचं, काय केलंत?" घाबरू नका. रोझेनबॉम आणि रुबिन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८३ साली काढलेला प्रोपेन्सिटी स्कोअर त्याच्या तोंडावर फेका. कुठल्या माणसाला काढा मिळण्याची शक्यता किती, याचा एक आकडा काढायचा. मग सारख्या आकड्याचे दोघे, एक काढा प्यालेला आणि एक न प्यालेला, शेजारी बसवून तोलायचे. पत्रिका जुळवल्यासारखंच. आणि पत्रिकेत काय, जे लिहिलंय तेवढंच जुळतं. वय जुळवा, वजन जुळवा, पाणी कृष्णेचं की बोअरचं तेही जुळवा. आकार लिहिलेलाच नाही, तो जुळणार कुठून?

भाचा चिवट निघाला तर म्हणेल, काढा कुणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. म्हणजे लिहिलेले, न लिहिलेले सगळेच फरक दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा अशीच घेतली, १९४८ साली तिचा निकाल छापला, वगैरे. इथं आवाज चढवायचा. "आम्ही माणसांच्या जिवाशी लॉटरी खेळत नाही!" मग त्याच्यापुढे भडंगाची बशी सरकवायची.

एक पथ्य मात्र मला जमलं नाही. शेजारच्या अण्णांचा खडा मोठा होता, पण ओळखीत नाही म्हणवेना. आठ दिवस काढा पिऊन नवव्या रात्री दोन वाजता ते रिक्षात वाकडे होऊन मिरजेला गेले. त्यांच्या नावापुढे मी लिहिलंय, "पुन्हा तक्रार नाही." काढ्याची बाटली वहिनींनी धुऊन परत पाठवली.