स्टार दाबून ५जी येत नाही, मावशी

रविवारी चिपळूणहून मावशीचा फोन. "अरे, तो ५जीचा कोड दाबला तर काहीतरी एरर येतोय. परत दाबू का?" म्हटलं, काही दाबू नकोस, आधी तो मेसेज मला पाठव. तिला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता. मला त्याच आठवड्यात ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर आला होता आणि दोन्ही वेळा मी हसून सोडून दिला होता. चूक माझीच.

मेसेज म्हणतो: गुप्त कोड डायल करा, ४जी सिमवर मोफत ५जी सुरू. वर 'ई' दिसला तर फोन इमर्जन्सी मोडमध्ये गेलाय. 'एच' म्हणजे हाय स्पीड, आणि 'एच प्लस' तर ४जीपेक्षा फास्ट. रेंजच्या काड्या फुल्ल तर स्पीड फुल्ल. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी. आणि सेटिंगमध्ये 'एलटीई ओन्ली', म्हणजे फक्त ४जी, केलं की वेग दुप्पट. शेवटी अर्थातच 'दहा जणांना पाठवा'.

आता तो कोड. स्टार, ४०१, स्टार, मग दहा आकडे, मग हॅश. ते दहा आकडे एकदा नीट वाचा की राव! नऊने सुरू होतात. तो कुणाचा तरी मोबाईल नंबर आहे. ४०१ हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड. म्हणजे तुमचे फोन त्या अनोळखी माणसाकडे वळवा, असं तुम्ही स्वतःच्या हाताने कंपनीला सांगताय. मग तो तुमच्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडायला बसतो, ओटीपी 'कॉल करून सांगा' निवडतो, आणि तो कॉल वाजतो त्याच्याकडे. तासाभरात तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागायला सुरुवात.

हे माझं डोकं नाही. याच फसवणुकीपायी दूरसंचार विभागाने सगळ्या मोबाईल कंपन्यांना आदेश देऊन १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड डायल करून होणारं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला लावलं. मावशीला आलेला एरर बहुधा त्याचीच कृपा. पण त्यावर विसंबू नका, कारण स्टार स्टार २१ ने सुरू होणारा त्याचा भाऊही फिरत असतो. कुणी असं काही दाबून बसलं असेल तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. फोनच्या कॉल सेटिंगमध्येही एकदा बघून घ्या.

आणि ५जीचं म्हणाल तर भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं तेव्हाच जिओ आणि एअरटेल दोघांनी सांगितलं होतं की ४जी सिम चालतं, बदलायची गरज नाही. लागतो तो ५जीचा हँडसेट. मावशीचा फोन ४जीचा आहे. त्यात नसलेला ५जीचा रेडिओ कुठल्या कोडने बसणार?

बाकीचं भराभर. 'ई' म्हणजे एज, २जीचाच जरा सुधारलेला अवतार. इमर्जन्सी वगैरे काही नाही, फक्त फोटो उघडेपर्यंत चहा होतो. 'एच' म्हणजे हाय स्पीड, हे मात्र खरं निघालं, नाव तेच आहे. पण ते ३जीमधलं हाय स्पीड. एच प्लस कागदावर सहसा २१ किंवा ४२ एमबीपीएस. जिओकडे तर २०१६ पासून ३जी नव्हतंच.

काड्या सिग्नल किती जोरात पोचतोय ते सांगतात, टॉवरवर किती जण लटकलेत ते नाही. गणपतीत कोकणात येऊन बघा. चाकरमानी उतरले की काड्या फुल्ल आणि आरतीचा व्हिडिओ गोल गोल फिरतोय. एमबीपीएसमधला बी बिटचा, फाइलच्या एमबीतला बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागा. १०० चे साडेबारा.

'एलटीई ओन्ली'त थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. फोन सारखा २जीवर घसरत असेल तर त्याला ४जीवर बांधून ठेवल्याने फरक पडतो. दुप्पट वगैरे नाही. आणि जिथे ४जी पोचत नाही तिथे रेंजच जाते, व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, चालू नसेल तर कॉलही येत नाहीत.

मावशीचं खरं दुखणं वेगळंच निघालं. दुपारनंतर नेट रेंगाळतं. रोजचा दीड जीबी जेवणाच्या आतच संपतो, मग प्लॅनप्रमाणे वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि वर ४जी तसंच झळकत राहतं. ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरत होते, ते बंद करायला लावले.

"म्हणजे आता भजनं बघायची नाहीत?"

बघ गं, पण दाबशील तेवढीच उतरतील.